आधी वाक्य, मग पर्याय

हत्ती : चीत्कार :: घोडा : ?

पर्याय असे: (१) तबेला (२) शिंगरू (३) खिंकाळी (४) लगाम.

प्रश्न अवघड नाही. पाचवीतले मूलही तो चटकन सोडवेल. पण पर्याय पुन्हा एकदा वाचा. घोडा राहतो तबेल्यात, शिंगरू त्याचेच, लगाम त्याच्याच तोंडात आणि खिंकाळतोही तोच. चारांतला एकही पर्याय घोड्याला परका नाही. प्रश्न काढणाऱ्याने हे मुद्दाम केले आहे. घोडा म्हटल्यावर आठवणारे चार शब्द त्याने घेतले, त्यातला एक बरोबर ठेवला आणि उरलेले तीन आमिष म्हणून मांडले. त्यामुळे ‘घोड्याशी कशाचा संबंध आहे?’ असे मनात म्हणत पर्यायांकडे गेलेले मूल अडकते, कारण संबंध सगळ्यांचाच असतो. घोड्याकडे वळण्याआधी हत्तीचे आणि चीत्काराचे नाते काय, हे ठरवून घ्यायला हवे. बहुतेक चुका ही पायरी गाळल्यामुळे होतात.

शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत या प्रकाराला समसंबंध म्हणतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा घेते. पूर्वी ती चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला आली. इयत्तांबद्दलचे निर्णय बदलत राहिले, समसंबंध मात्र जागचा हलला नाही. आठवीच्या एनएमएमएस परीक्षेतली बौद्धिक क्षमता चाचणी आणि पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेतली बौद्धिक चाचणी इथेही तो भेटतो. नवोदयच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत मात्र मानसिक क्षमतेचा भाग आकृत्यांचा असतो, तेव्हा त्या तयारीत शब्दांच्या समसंबंधावर फार वेळ घालवू नका. संख्यांचे, अक्षरांचे आणि आकृत्यांचे समसंबंधही असतात, पण त्यांचा सराव शाळेत आणि क्लासमध्ये भरपूर होतो. शब्दांचे प्रश्न ‘सोपे आहेत, येतीलच’ म्हणून सोडून दिले जातात आणि हातचे गुण जातात ते तिथेच. म्हणून हा लेख फक्त शब्दांच्या समसंबंधाबद्दल आहे.

पद्धत एका ओळीत सांगता येते. पर्याय हाताने झाका, पहिल्या दोन शब्दांचे एक पूर्ण वाक्य करा, मग त्याच वाक्यात तिसरा शब्द घाला आणि रिकामी जागा भरा. ‘हत्तीच्या ओरडण्याला चीत्कार म्हणतात. घोड्याच्या ओरडण्याला ... म्हणतात.’ आता हात काढा. तबेला, शिंगरू, लगाम यांना या वाक्यात जागाच नाही. मूल नवखे असेल तर वाक्य मोठ्याने म्हणायला लावा. ‘मनात केले’ असे सांगणाऱ्या मुलाने बहुधा ते केलेले नसते.

वाक्य कसले असावे यालाही महत्त्व आहे. मुले सुरुवातीला ‘चा-ची-चे’ लावून मोकळी होतात. गाईचे वासरू, गाईचा गोठा, गाईचे दूध, गाईचे शेण. सगळीकडे तोच प्रत्यय आणि नाते प्रत्येक ठिकाणी वेगळे. प्रत्ययाने दोन शब्द जोडले जातात, पण काय म्हणून जोडले ते कळत नाही. म्हणून वाक्यात क्रियापद आलेच पाहिजे असा नियम घरात करून टाका. गाय वासराला जन्म देते, गाय गोठ्यात राहते, गाय दूध देते. क्रियापद आले की नाते आपोआप उघडे पडते. ‘दोघांचा जवळचा संबंध आहे’ हे तर वाक्यच नव्हे. ते कुठल्याही दोन शब्दांबद्दल म्हणता येते.

खरी मजा येते ती वाक्य दोन पर्यायांना लागू पडते तेव्हा. हे उदाहरण पाहा.

ऊस : गूळ :: तीळ : ?
(१) लाडू (२) तेल (३) पेंड (४) संक्रांत

पहिले वाक्य सुचते ते असे: ‘उसापासून गूळ करतात.’ तिळापासून लाडू करतात, तेलही काढतात. म्हणजे वाक्य ढिले पडले. आता ते थोडे आवळायचे. गूळ करताना उसातच असलेली वस्तू बाहेर काढतात, दुसरा मुख्य पदार्थ लागत नाही. (गुऱ्हाळात रसात भेंडीचे पाणी घालतात, पण ते मळी वर आणून काढण्यासाठी. गोडी उसाचीच.) तिळाच्या लाडवाला गूळ घालावाच लागतो. तेल तिळातच असते, घाण्यावर ते फक्त बाहेर काढतात. उत्तर तेल. पेंडही तिळातूनच निघते, ती का नको? कारण गूळ ही वस्तू हवी म्हणून ऊस गाळतात आणि पेंड ही तेल काढल्यावर उरते. पेंड उत्तर यायला पहिली जोडी ‘ऊस : चिपाड’ अशी असायला हवी होती. संक्रांत तर नुसत्या आठवणीने आलेली.

आवळायचे म्हणजे किती? एकच पर्याय उरेपर्यंत, त्यापुढे नाही. ‘उसाचा रस काढून, काहिलीत आटवून गूळ करतात’ असे वाक्य केले तर तेलही बाद होते, कारण तेल कोणी आटवत नाही. हुशार मुले इथे चुकतात. त्यांना उसाबद्दल माहिती जास्त असते, ती सगळी वाक्यात कोंबतात आणि मग ‘एकही पर्याय बरोबर नाही’ म्हणून बसून राहतात. सगळे पर्याय गळून पडले तर शेवटचा घातलेला तपशील काढून टाकायचा आणि पुन्हा पाहायचे.

काही प्रश्नांत पहिल्या दोन शब्दांचे सरळ वाक्यच होत नाही.

हात : पाय :: मनगट : ?
(१) गुडघा (२) घोटा (३) टाच (४) मांडी

‘हात आणि पाय दोन्ही अवयव आहेत’ हे वाक्य मनगटाला लावून पाहा. चारही पर्याय अवयवच. अशा वेळी आडवे वाचायचे, म्हणजे पहिला शब्द तिसऱ्याशी जोडायचा. ‘हाताचा पंजा जिथे जोडलेला असतो तो सांधा मनगट. पायाचे पाऊल जिथे जोडलेले असते तो सांधा ...’ घोटा. गुडघा हे आमिष, तो कोपराचा जोडीदार. आडवे वाचणे ही पळवाट नाही. ही ‘:’ आणि ‘::’ चिन्हे आली आहेत अंकगणितातल्या प्रमाणातून. तिथे २ : ४ :: ३ : ६ हे खरे असेल तर मधली दोन पदे बदलून २ : ३ :: ४ : ६ हेही खरेच असते. त्रैराशिक शिकलेल्या मुलाला हे एकदा वहीत करून दाखवले की पटते. फक्त क्रम सांभाळा: आधी सरळ वाचन, ते जमले नाही तरच आडवे. पहिल्याचे चौथ्याशी नाते लावायला मात्र कधीच जाऊ नका.

दिशा हा आणखी एक सापळा आहे आणि तो जोडी निवडायच्या प्रश्नांत जास्त असतो. ‘करवत : सुतार’ या जोडीसारखी जोडी निवडा: (१) कुंभार : चाक (२) वस्तरा : न्हावी (३) शिंपी : कपडा (४) शेत : शेतकरी. पहिल्या पर्यायात नाते अगदी तेच आहे, कारागीर आणि त्याचे साधन. पण क्रम उलटा. ‘करवत हे सुताराचे साधन आहे’ हे वाक्य जसेच्या तसे लावले तर ‘कुंभार हे चाकाचे साधन आहे’ असे काहीतरी हास्यास्पद होते आणि मूल हसून थांबते. वाक्य शब्दांच्या क्रमानेच करायचे, हे त्यासाठी. कधी प्रश्नचिन्ह शेवटी नसते, सुरुवातीला किंवा मध्ये असते: ? : पाडस :: घोडी : शिंगरू. तिथे पूर्ण असलेल्या जोडीपासून सुरुवात करायची, मग ती उजवीकडे असली तरी.

आता शब्दसंग्रहाकडे येऊ, कारण वाक्य कितीही चांगले केले तरी शब्दच माहीत नसेल तर इलाज नाही. मार्गदर्शिकांमध्ये यासाठी तक्ते असतात: प्राणी, त्यांची पिल्ले, घरे, आवाज, समूहदर्शक शब्द, कारागीर आणि साधने, देश आणि चलने. तक्ते वाईट नाहीत. म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू. मोराचा केकारव, वाघाची डरकाळी. किल्ल्यांचा जुडगा, लाकडांची मोळी, उंटांचा तांडा, केळ्यांचा घड. हे शब्द हल्लीच्या मुलांच्या कानावर सहजासहजी पडत नाहीत, तेव्हा तक्त्यातून का होईना, पडू देत. माझी तक्रार आहे ती तक्ता घोकण्याबद्दल. घोकलेला तक्ता कुठे दगा देतो पाहा:

बांबू : बेट :: आंबा : ?
(१) अढी (२) राई (३) कोय (४) मोहोर

समूहदर्शक शब्दांचा तक्ता पाठ असलेले मूल ‘आंब्यांची अढी’ म्हणून पहिला गोल रंगवते. अढी हा समूहच, तक्त्यात तो आहेही. पण बेट म्हणजे जमिनीत वाढणाऱ्या बांबूंचा समूह आणि अढी म्हणजे पिकायला घातलेले, तोडलेले आंबे. एकत्र वाढलेल्या आंब्याच्या झाडांना राई म्हणतात. ‘जिथे बांबू दाटीने वाढलेले असतात त्याला बेट म्हणतात’ असे वाक्य केले असते तर अढीकडे हात गेला नसता. ज्या मुलाने उन्हाळ्यात आजोळी अढीत हात घालून पिका आंबा शोधला आहे त्याला ना तक्ता लागतो, ना बहुधा वाक्यही.

इथे एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नाव बुद्धिमत्ता चाचणीचे, पण या प्रश्नांत बरेचदा तपासले जाते ते मूल कुठे वाढले ते. ‘ऐरण’, ‘खाचर’, ‘रेडकू’ हे शब्द ज्याच्या अंगणातले आहेत त्याला एका तऱ्हेचा प्रश्न फुकट मिळतो. ‘शस्त्रक्रिया’, ‘वातानुकूलन’, ‘संपादक’ ज्याच्या घरात रोज बोलले जातात त्याला दुसऱ्या तऱ्हेचा. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत यावरून मोठी टीका झाली. तिथला एक प्रश्न आजही उदाहरण म्हणून सांगितला जातो: धावपटूला जशी मॅरेथॉन, तशी वल्हे मारणाऱ्याला रेगाटा. रेगाटा म्हणजे नौकांच्या शर्यती. ज्यांच्या घरी असल्या छंदांना पैसा होता त्या मुलांना तो शब्द माहीत, बाकीच्यांनी तर्क कितीही लढवला तरी उपयोग नव्हता. २००५ मध्ये सॅटमधून समसंबंध काढून टाकले आणि २०११ मध्ये जीआरईमधूनही. (परदेशी शिक्षणाची तयारी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात या प्रश्नांनी भरलेल्या जाडजूड मार्गदर्शिका स्वस्तात मिळतात. त्या घेऊ नका.) आपल्याकडे प्रकार चालू आहे तोवर मुलाची बाजू कुठे लंगडी आहे ते पालकांनी ओळखावे आणि तिकडचे शब्द त्याच्या कानावर घालावेत. शहरातल्या मुलाला सुट्टीत लोहाराचा भाता, कुंभाराचे चाक, गवंड्याची थापी दाखवता आली तर उत्तम. गावातल्या मुलासाठी रोज वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचून घेतले तरी पुष्कळ शब्द हाती लागतात. शिक्षकांनी वर्गात दोन्हीकडचे शब्द येतील असे पाहावे.

सामान्यज्ञानावरचे समसंबंधही असतात: शहर आणि नदी, धरण आणि नदी, कवी आणि टोपणनाव. ‘जायकवाडी : गोदावरी :: उजनी : ?’ याला भीमा हे उत्तर नकाशा पाहिलेल्या मुलाला येते. मात्र इथेही आमिष असतेच. ‘गोविंदाग्रज : कविता :: बाळकराम : ?’ यात पर्यायांत ‘राम गणेश गडकरी’ असे नाव असेल तर मुले तिकडे धावतात, कारण दोन्ही नावे गडकऱ्यांचीच. पण प्रश्न नाव कोणाचे असा नाही. गोविंदाग्रज या नावाने गडकऱ्यांनी कविता लिहिल्या, बाळकराम या नावाने विनोदी लेख. उत्तर विनोदी लेख. माहिती जितकी जास्त, तितकी आमिषाची ओढ जास्त. म्हणून या प्रश्नांतही हाताने पर्याय झाकणे सोडू नका.

आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेत एक निराळा नियम आहे. प्रत्येक पेपरमध्ये जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच गुण मिळतात. अशा प्रश्नात वाक्य आवळताना दोन पर्याय उरले की थांबायचे. ‘कृष्णा : कोयना :: भीमा : ?’ आणि पर्याय नीरा, वारणा, सीना, पंचगंगा. कोयना ही कृष्णेला मिळते. भीमेला मिळणाऱ्या नीरा आणि सीना, दोन्ही गोल रंगवायचे. वारणा आणि पंचगंगा कृष्णेकडे जातात, आणि त्या इथे ठेवल्या आहेत त्या पहिल्या जोडीतल्या कृष्णेचा मोह पडावा म्हणूनच. एक उत्तर सापडले की पुढच्या प्रश्नावर उडी मारायची सवय असलेली मुले इथे गुण घालवतात. प्रश्नातली सूचना शेवटपर्यंत वाचायची.

वेळेचे गणित असे. शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या पेपरमध्ये बुद्धिमत्ता चाचणीचे ५० आणि तृतीय भाषेचे २५ असे ७५ प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे प्रश्नामागे सरासरी ७२ सेकंद. शब्दांच्या समसंबंधाला इतका वेळ लागता कामा नये. सराव झालेल्या मुलाचे ते २०-२५ सेकंदांत व्हायला हवे. उरलेला वेळ आकृत्यांना, सांकेतिक भाषेला आणि तर्कसंगतीच्या लांबलचक प्रश्नांना लागतोच. एखादा शब्द अजिबात माहीत नसेल तर त्याच्याशी झुंजत बसू नका. माहीत असलेल्या जोडीचे वाक्य करा, त्यात मुळीच न बसणारे पर्याय खोडा आणि उरलेल्यांतून एक निवडा. ‘कोल्हा : कोल्हेकुई :: पारवा : ?’ यात पारव्याचा आवाज माहीत नसला तरी ढोली, पंख, दाणे हे आवाज नाहीत एवढे कळतेच, मग ‘घुमणे’ आपोआप हाती येते. शिष्यवृत्तीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे गोल कोरा ठेवण्यात काही फायदा नाही. इतर परीक्षांत हा नियम वेगळा असू शकतो, तिथल्या सूचना आधी पाहून घ्या.

कधी प्रश्नच सदोष असतो. म्हशीच्या पिलासाठी एका पर्यायात रेडकू आणि दुसऱ्यात पारडू असे एकल उत्तराच्या प्रश्नात आले तर मुलाचा दोष काय? परीक्षेनंतर परिषद अंतरिम उत्तरसूची संकेतस्थळावर लावते आणि ठरावीक मुदतीत आक्षेप मागवते. त्यानंतर अंतिम उत्तरसूची येते. आक्षेप घेताना ‘आमच्याकडे असे म्हणतात’ एवढ्यावर भागत नाही, पाठ्यपुस्तकाचा किंवा शब्दकोशाचा आधार जोडावा लागतो. मुदत थोडी असते, म्हणून प्रश्नपत्रिका घरी आल्या आल्या शंकास्पद प्रश्नांवर खूण करून ठेवा.

सरावासाठी सगळ्यांत उपयोगी पडतो तो उलटा खेळ: मुलाला प्रश्न सोडवायला न देता तयार करायला सांगा. ‘लाकूड : मोळी :: किल्ली : ?’ इथपर्यंत तुम्ही द्या, चार पर्याय त्याने लिहायचे. अट एकच, चारही पर्याय किल्लीशी संबंधित हवेत आणि बरोबर एकच. जुडगा, कुलूप, तिजोरी इथपर्यंत मुले चटकन येतात. चौथ्याला अडखळतात आणि मग कुणी ‘पितळ’ लिहिते, कुणी ‘पहारेकरी’. सुरुवातीला काही मुले ‘ढग’ किंवा ‘हत्ती’ असे कुठलेतरी शब्द टाकतात. तो प्रश्न घरातल्या ताई-दादाला सोडवायला द्या. ‘ढग’ कुणीच निवडत नाही हे दिसले की पुढच्या प्रश्नात मूल आपण होऊन आमिष अधिक बेरकी करते.